घरचे म्युसली बार: भुगा होऊ नये, दातही तुटू नयेत

धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर मी पहिल्यांदा घरचे बार घेऊन गेले, तेव्हा वर पोहोचेपर्यंत पिशवीत बार उरलेच नव्हते. ओट्स, दाणे आणि मनुकांचा गोड चिवडा झाला होता. सगळ्यांनी तो मुठीमुठीने खाल्ला, चवीला कुणी नाव ठेवलं नाही, पण बार म्हणून नेलेली वस्तू चमच्याने खावी लागली. पुढच्या खेपेला मी पाक जास्त आटवला. मोठ्या मायने एक तुकडा दाढेखाली धरला, काढून हातात घेतला आणि म्हणाली, "हाई तं चिक्कीच शे!"

तेव्हापासून ओळखीतले लोक मला हेच दोन प्रश्न विचारतात: बार फुटतो का, आणि दगड का होतो? त्यात आपल्याकडे खानदेशात तिसऱ्याची भर पडते, एप्रिल-मेमध्ये तो पिशवीत पाघळतो का? साहित्यात फारसं कुणाचं चुकत नाही. चुकतं ते ओलाव्यात, पाकात आणि दाबण्यात. म्हणून इथे त्या तीन जागी जास्त थांबणार आहे.

खालच्या मापात २० × २५ सेंटीमीटरच्या ताटात साधारण ४० ग्रॅमचे २० बार होतात. हाताला काम सव्वा तासाचं, पण थंड व्हायला आणखी किमान दोन तास धरा. सकाळी सहाला निघायचं असेल तर रात्री अकराला सुरुवात करू नका. गरम बार पिशवीत भरणं ही या कामातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि ती घाईतूनच होते.

१. साहित्य, वजनाने

वाटीचं माप इथे चालत नाही. लाह्यांची वाटी भरली तरी वजन नावालाच भरतं, आणि गुळाची वाटी कशी दाबली त्यावर २०-३० ग्रॅमचा फरक पडतो. साधा वजनकाटा घ्या.

कोरडं साहित्य:
- जाड रोल्ड ओट्स: २०० ग्रॅम
- शेंगदाणे: १०० ग्रॅम
- बदाम: ४० ग्रॅम
- भोपळ्याच्या (गंगाफळाच्या) किंवा सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया: ३० ग्रॅम
- पांढरे तीळ: ३० ग्रॅम
- ज्वारीच्या लाह्या: ३० ग्रॅम
- मनुका: ७० ग्रॅम

बांधणीचं साहित्य:
- चिक्कीचा गूळ: १५० ग्रॅम
- मध: ८० ग्रॅम
- शेंगदाण्याचं लोणी (पीनट बटर, बिनसाखरेचं): ६० ग्रॅम
- साजूक तूप: ५० ग्रॅम
- पाणी: २ टेबलस्पून
- लिंबाचा रस: ५-६ थेंब
- मीठ: अर्धा छोटा चमचा
- सुंठ आणि वेलची पूड: आवडीप्रमाणे

कोरडं ५०० ग्रॅम, बांधणी ३४० ग्रॅम. हे प्रमाण लक्षात ठेवा. बदामाच्या जागी काजू घाला, सतपुड्याकडून आलेली चारोळी घाला, मनुकांच्या जागी सुके अंजीर घाला, पण दोन्ही बाजूंची बेरीज हलू देऊ नका. "थोडे दाणे जास्त टाकले, काय होतंय" असं म्हणून १०० ग्रॅम वाढवले की पाक पुरत नाही आणि लळिंगचा चिवडा होतो.

काही वस्तूंबद्दल थोडं बोलावं लागेल.

ओट्स जाडच हवेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स पाक पिऊन लापशीसारखे होतात, आणि मसाला ओट्स तर अजिबात नकोत. पाकिटावर 'रोल्ड' लिहिलेलं बघा. ओट्स मिळालेच नाहीत किंवा घ्यायचे नसतील तर २०० ग्रॅमच्या जागी १४० ग्रॅम पातळ पोहे आणि ६० ग्रॅम लाह्या घ्या. बार थोडा हलका आणि जास्त कुरकुरीत होतो. मला तर कधी कधी तोच जास्त आवडतो.

गूळ चिक्कीचाच घ्या. तो चिकट, पिवळसर-लाल असतो आणि पाक ताणला जातो. भाजी-आमटीतला रोजचा गूळ चालतो, पण त्याचा पाक कधी धरतो, कधी रवाळ होतो. जिभेला खारट लागणारा गूळ तर नकोच.

मध चवीपुरता नाही. नुसत्या गुळाचा पाक थंड झाला की त्यात साखरेचे कण धरतात आणि बार ठिसूळ होतो. मध आणि लिंबाचे थेंब ते कण धरू देत नाहीत, म्हणून बार वाकतो, तुटत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध असलेलं काहीही द्यायचं नाही.

> सावधान: जळगाव-रावेर-यावलकडच्या घरांत हमखास होणारी चूक म्हणजे घरची पिकलेली केळी कुस्करून बारमध्ये घालणं. त्या दिवशी बार मऊ, छान लागतो. तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो. ताज्या केळ्याचा तीन चतुर्थांश भाग पाणी असतं. ते पाकात आटत नाही, ओट्समध्ये जाऊन बसतं. केळं हवंच असेल तर पूर्ण वाळवलेलं, चिवट झालेलं घ्या, मनुकेएवढे तुकडे करा आणि मनुकांच्या वजनातून तेवढं कमी करा. खारे वेफर्स चुरून घालू नका, त्यांचं तेल आधी खवट होतं.

खजुराचंही तसंच. खजूर वाटून त्यानेच बांधलेले बार सोपे असतात, पाक लागत नाही, पण ते फ्रिजमधले बार आहेत, पाठीवरच्या पिशवीतले नव्हेत. खजुराची चव हवी असेल तर डिंकाच्या लाडवांसाठी करतो तशी खारकेची पूड दोन चमचे घाला.

२. ताट आधी तयार करा

हे काम शेवटी करायचं नसतं. पाक झाल्यावर तुमच्या हातात चार-पाच मिनिटं असतात, त्यात बटर पेपर शोधायला वेळ नाही.

ताटाला (किंवा केकच्या चौकोनी भांड्याला) तुपाचा हात लावा, त्यावर बटर पेपर असा पसरा की दोन बाजूंनी तो चार बोटं बाहेर राहील. पुढे तेच कान धरून अख्खी लादी उचलायची आहे. सपाट बुडाच्या एका वाटीला बाहेरून तूप लावून ठेवा. बटर पेपरचा आणखी एक तुकडा वरून दाबायला. लाटणं जवळ घ्या. एका वाटीत थंड पाणी, पाक तपासायला.

मोठं ताट असेल तर ते पूर्ण भरायचा हट्ट नको. तेवढंच मिश्रण मोठ्या ताटात पसरलं की थर एक सेंटीमीटरचा होतो आणि बार पापडासारखा मोडतो. थर दोन सेंटीमीटरचा हवा.

३. भाजणं: प्रत्येक वस्तू वेगळी

सगळं एकत्र कढईत ओतून भाजलं की तीळ जळतात आणि ओट्स कच्चे राहतात. म्हणून एकेक करून भाजा, आच मंद ते मध्यम, जाड बुडाची कढई.

सुरुवात ओट्सपासून. आठ ते दहा मिनिटं सतत हलवत राहा. रंग फार बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांपेक्षा नाकावर विसंबा: भाजलेल्या बिस्किटासारखा वास आला की झाले. एक पाकळी थंड करून चावा. कडकन मोडली पाहिजे.

मग शेंगदाणे. सालं सुटतील आणि आत फिका बदामी रंग येईल इतके. थंड करून चोळा, सुपात पाखडा. साल ठेवू नका, कारण साल आणि दाणा यांच्यामध्ये पाक धरत नाही आणि बार नेमका तिथेच फुटतो. पाखडून झालं की दाण्यांचे दोन किंवा चार तुकडे होतील एवढंच ठेचा. कूट करायचा नाही. कूट पाक शोषतो.

बदाम चार-पाच मिनिटं भाजून त्यांचे काप करा. बिया फुगून तडतडायला लागल्या की काढा. तीळ सगळ्यात शेवटी, दोन-तीन मिनिटं, आणि उडायला लागताच लगेच ताटात काढा, कारण कढई बंद केल्यावरही तिच्या उष्णतेने ते काळे पडतात.

लाह्या नुसत्या गरम करायच्या असतात. पावसाळ्यात डब्यातल्या लाह्या सादळलेल्या असतात हे गृहीतच धरा.

> तपासा: लाह्या मुठीत दाबा. चुरा झाला तर ठीक. दबून पुन्हा फुगल्या तर अजून ओलावा आहे, आणखी दोन मिनिटं मंद आचेवर.

मनुका भाजू नका. दुकानातून आणून धुतल्या असतील तर फडक्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, उन्हाळ्यात एक दुपार पुरते, पावसाळ्यात दोन दिवस लागतात. ओल्या मनुका घातलेला बार दुसऱ्या दिवशी त्यांच्या भोवती मऊ पडतो आणि तिथेच बुरशी धरते.

कोणताही तुकडा हरभऱ्याच्या डाळीपेक्षा फार मोठा नको. अख्खे बदाम, अख्खे काजू दिसायला श्रीमंत दिसतात. सुरी त्यांच्यावर अडकते आणि बार उभा चिरतो. लहान मुलांसोबत जाणार असाल तर आणखी बारीक करा, अख्खा दाणा घशात अडकण्याची भीती असते.

४. कोरडं मिश्रण गरम ठेवा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात.

भाजून झालं की सगळं एका मोठ्या पातेल्यात एकत्र करतो, मग पाक करायला घेतो, आणि तोवर मिश्रण गार होतं. गार मिश्रणावर गरम पाक पडला की तो जिथे पडला तिथेच थिजतो. काही घास पाकाने माखलेले, काही कोरडे. मग आपण म्हणतो, पाक कमी पडला, पुढच्या वेळी जास्त करू. पाक कमी नव्हता, पसरलाच नाही.

म्हणून पाक चढवताना हे पातेलं दुसऱ्या शेगडीवर, तव्यावर ठेवून, अगदी बारीक आचेवर राहू द्या. मधून मधून हलवा. हात घातला तर चांगलं गरम लागावं, चटका बसू नये. मनुका मात्र पाक ओतायच्या एक मिनिट आधी घाला, नाहीतर त्या कडक होतात.

५. पाक

गूळ किसून किंवा सुरीने बारीक चिरून घ्या. मोठे खडे टाकले तर बाहेरचा गूळ जळायला लागतो तरी आतला विरघळलेला नसतो.

जाड बुडाच्या छोट्या कढईत गूळ, दोन चमचे पाणी आणि ५० ग्रॅम तुपातला एक चमचा तूप घाला. तुपामुळे पाक उतू येत नाही. मंद आचेवर गूळ पूर्ण विरघळू द्या. विरघळला की गॅस बंद करून गाळून घ्या. गुळात उसाची चोयटी, माती, कधी बारीक खडा असतो, आणि डोंगरावर दाताखाली खडा येणं फार वाईट. कढई पुसून गाळलेला पाक परत चढवा, मध आणि लिंबू घाला आणि आच मध्यम करा.

मध शेवटी, गॅस बंद केल्यावर घालावा असं बरेच जण सांगतात. सरबतासाठी ते बरोबर असेल. इथे नको, कारण मधात पाणी असतं आणि ते आटलं नाही तर बार चिकट राहतो.

आता पाकाला फेस येईल. आधी मोठे, पाण्यासारखे बुडबुडे. मग ते लहान, दाट, संथ होतात आणि रंग गडद होतो. इथून पुढे झारा सोडून कुठे जाऊ नका. दाराची बेल वाजली तर गॅस बंद करून जा.

> तपासा: पाकाचा एक थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाका.
> – पसरून विरघळला: अजून वेळ आहे.
> – पाण्याखाली बोटाने गोळी झाली, बाहेर काढून दाबली तर चपटी झाली: हाच आपला गोळीबंद पाक. थांबा.
> – वाटीवर टाकल्यावर 'टण' वाजली, मोडल्यावर कटकन तुटली: ही चिक्की झाली, मोठी माय बरोबर म्हणत होती.

थर्मामीटर असेल तर ११८ ते १२० अंश सेल्सिअस. १४५ च्या पुढे चिक्कीचा पाक. या दोन्हींत फार मिनिटांचा फरक नसतो, म्हणून घड्याळावर जाऊ नका, थेंबावर जा. शेवटी दर अर्ध्या मिनिटाला थेंब टाका.

गोळी झाली की लगेच गॅस बंद. उरलेलं तूप, शेंगदाण्याचं लोणी, मीठ, सुंठ, वेलची घालून पटापट एकजीव करा. मीठ विसरू नका. गोडाला चव तर येतेच, शिवाय घाम गाळून बसल्यावर नुसतं गोड नकोसं होतं.

> सावधान: उकळता गूळ उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. लहान मुलांना या वेळी ओट्यापासून दूर ठेवा. चटका बसलाच तर गार नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

६. मिसळणं

गरम मिश्रणावर पाक एकदम ओता आणि दोन लाकडी चमच्यांनी खालून वर असं परता. कडेचं कोरडं मधे आणा. एक मिनिट, जास्तीत जास्त दीड. रंग एकसारखा दिसला, पातेल्याच्या तळाशी कोरडे ओट्स उरले नाहीत, की झालं. जास्त वेळ घोळलं तर लाह्या मोडतात.

मिसळताना जड जायला लागलं तर पातेलं तव्यावर अर्धं मिनिट परत ठेवा. पाण्याचा हबका मारू नका. पाण्याचा एक हबका आणि भाजण्याचं सगळं काम वाया.

७. दाबणं

आता जोर लावायचा आहे. लोक मिश्रण ताटात पसरतात, चमच्याच्या मागच्या बाजूने थापटतात आणि झालं म्हणतात. वड्या थापताना जेवढं दाबतो त्याच्या दुप्पट तरी दाबायला हवं.

मिश्रण ताटात ओता, हाताने नव्हे तर चमच्याने कोपऱ्यांपर्यंत ढकला. वर बटर पेपर ठेवा. तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने आधी चारही कोपरे, मग कडा, मग मध्य असं दाबत या. मध्यापासून सुरुवात केली तर कडा सैल राहतात, आणि कडेचे बार आधी फुटतात. त्यावरून लाटणं फिरवा. पुन्हा वाटी. वजन अंगठ्यावर न घेता खांद्यातून लावा.

शेवटी त्याच मापाचं दुसरं ताट वर ठेवून त्यात वरवंटा किंवा पाण्याने भरलेला पितळी तांब्या ठेवा. दहा मिनिटं तसंच राहू द्या.

> तपासा: कागद उचलून पृष्ठभागावर बोट फिरवा. सुटे ओट्स बोटाला लागले तर अजून दाबायचं आहे. अजून गरम आहे तोवरच दाबता येतं.

ओव्हन असेल आणि बार जास्त कुरकुरीत हवे असतील तर दाबून झाल्यावर १५० अंशावर १५ मिनिटं भाजा, बाहेर काढून लगेच पुन्हा एकदा दाबा. ओव्हनमध्ये मिश्रण फुगतं, हे दुसऱ्यांदा दाबणं विसरलं तर ओव्हनचा तोटाच होतो. मला ओव्हनची गरज वाटत नाही.

८. कापणं

पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर सुरीखाली लादी तडकते. फार गरम असताना कापलं तर रेघा परत मिटतात. थापल्यापासून साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी, कोमट असताना कागदाचे कान धरून लादी पोळपाटावर काढा.

मोठी, सरळ पात्याची सुरी घ्या. करवतीसारखी पुढे-मागे ओढू नका, वरून एकदम खाली दाबा. दर दोन-तीन कापांनंतर सुरी तुपाच्या फडक्याने पुसा. २५ सेंटीमीटरच्या बाजूने दहा भाग आणि २० च्या बाजूने मधोमध एक काप दिला की दहा सेंटीमीटर लांब, अडीच सेंटीमीटर रुंद असे वीस बार मिळतात.

कापले की जागेवरच राहू द्या. लगेच वेगळे करायला गेलात तर वाकतात. दोन तासांनी, हात लावल्यावर ऊब लागत नसेल तेव्हाच सोडवा.

९. खानदेशातल्या ऋतूंचा हिशेब

कुठल्याही पुस्तकी कृतीत न सापडणारी गोष्ट म्हणजे आपली हवा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बाहेर उभ्या गाडीत त्याहून जास्त. वरची कृती हिवाळ्याच्या सुरुवातीची आहे, बाकी वेळी असे बदल करा.

मार्च ते जून: तूप ५० वरून ३५ ग्रॅम. पाकाची गोळी थोडी घट्ट, दाबल्यावर जेमतेम चपटी होईल अशी, थर्मामीटरवर १२२-१२३ अंश. बार पहाटे करा. दुपारी स्वयंपाकघरच इतकं तापलेलं असतं की लादी धरायला दुप्पट वेळ लागतो. आणि चॉकलेट नको. ते साधारण ३२-३४ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्याकडे सावलीतही. मुलांना चॉकलेटची चव हवी असेल तर एक चमचा कोको पावडर पाकात घाला.

जुलै ते सप्टेंबर: मनुदेवीचा धबधबा, पाटणादेवी, कण्हेरगड या सगळ्या वाटा याच दिवसांत भरलेल्या असतात आणि बार सगळ्यात जास्त याच दिवसांत बिघडतात. भाजलेलं साहित्य उघड्यावर गार करत ठेवू नका, अर्ध्या तासात सादळतं. लाह्या ३० वरून १५ ग्रॅम करा, तेवढे ओट्स वाढवा. आठवड्याच्या गरजेपुरतेच बार करा.

डिसेंबर-जानेवारी: तोरणमाळला पहाटेच्या थंडीत बार पिशवीतच कडक होतो. पाक नेहमीपेक्षा थोडा मऊ ठेवा, ११६-११७ अंश, आणि खाण्याआधी दहा मिनिटं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

१०. गुंडाळणं आणि टिकवणं

पूर्ण गार. हे तिसऱ्यांदा सांगते आहे. ऊब असताना डबा बंद केला की झाकणाला आतून घाम येतो आणि तो बारवर टपकतो.

प्रत्येक बार बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळा, मग सगळे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. नुसते एकावर एक ठेवले तर उन्हाळ्यात वीस बारची एक वीट होते.

माझ्या घरी हिवाळ्यात तीन आठवडे, उन्हाळ्यात दहा दिवस आणि पावसाळ्यात जेमतेम आठवडा एवढेच बाहेर ठेवते. दाण्यांचं आणि बियांचं तेल खवट होतं, आणि उष्णतेत ते लवकर होतं. बुरशी दिसत नसली तरी जुन्या तेलासारखा वास आला की टाकून द्या. फ्रीझरमध्ये हवाबंद पिशवीत दोन महिने छान राहतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता तासभर ठेवा. गार बार उघड्यावर ठेवला की त्यावर पाणी धरतं.

११. बिघडलं तर

भुगा झाला: ५० ग्रॅम गूळ आणि एक चमचा मधाचा गोळीबंद पाक करा, भुगा कढईत गरम करा, मिसळून परत दाबा. कंटाळा आला असेल तर दुधात घालून खा, म्युसलीच आहे ती.

फार कडक झाला: पाक मागे नेता येत नाही. खलबत्त्यात फोडून चिक्कीसारखा चघळा, आणि पुढच्या वेळी थेंब लवकर टाका.

चिकट राहिला: बार सुटे करून मंद ओव्हनमध्ये किंवा तव्यावर जाळी ठेवून झाकून दहा-पंधरा मिनिटं. तरी चिकटला तर भाजलेल्या तिळात घोळवा.

मधेच मऊ, बाकी कुरकुरीत: मनुका ओल्या होत्या किंवा मिश्रणात कोरडी जागा राहिली होती. दोन दिवसांत संपवा.

१२. डोंगरावर किती न्यायचे

या मापाच्या एका बारमध्ये अंदाजे १९० ते २०० कॅलरी आणि २३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. सलग चढाईत दर तासाला एक, सपाटीला दीड-दोन तासांनी एक असा हिशेब मी धरते. लळिंगसारख्या अर्ध्या दिवसाला माणशी तीन पुरतात. अस्तंब्याच्या यात्रेसारखी रात्रभराची चाल असेल तर सहा, पण सोबत खारे फुटाणे आणि एखादी भाकरी-चटणी न्याच. सहाव्या गोड बारनंतर सातवा कुणी खात नाही. प्रत्येक बारसोबत पाणी प्या. पाणी नसताना बार खाल्ला तर तहान वाढतेच.

गूळ आणि मध म्हणजे 'शुगर फ्री' नव्हे. मधुमेह असलेल्या सोबत्याला हे आधी सांगा. ग्रुपमध्ये कुणाला दाण्याची अॅलर्जी आहे का, हेही घरूनच विचारून घ्या, गडावर नव्हे.

पिशवीत बार पाण्याच्या बाटलीला लागून ठेवू नका आणि सगळ्यात वरच्या कप्प्यातही नको, तिथे ऊन लागतं. मधल्या कप्प्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या छोट्या डब्यात. देवळाच्या पायऱ्यांवर बसून उघडू नका. कागदाचा आवाज माकडांना माणसांपेक्षा आधी कळतो. रिकामे बटर पेपर त्याच डब्यात परत आणा.

घरी आल्यावर उरलेला एक बार मुद्दाम ठेवून द्या. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा: केल्याची तारीख, पाकाचा थेंब कसा होता, तूप किती. आठ दिवसांनी तो मोडून, हुंगून, चावून बघा आणि काय झालं ते त्याच चिठ्ठीवर लिहा. पुढचा पाक चढवताना ती चिठ्ठी शेगडीजवळ लावून ठेवा.